सोलापूर ते विजापूर सायकलवर, घरची गाडी सोबत: दिवस असा आखा

सोलापूर ते विजापूर साधारण 100 किलोमीटर. रोज सायकल चालवणाऱ्याला डिसेंबर-जानेवारीत हे अंतर एका दिवसात जमतं. सायकलची सर्व्हिसिंग, हेल्मेट, मागचा लाल दिवा यावर मी काही लिहिणार नाही. तेवढं येत असेल तरच हा रस्ता धरा. मला सांगायचंय ते सोबतच्या गाडीबद्दल. घरचे गाडी घेऊन बरोबर आले की काळजी मिटली, असं सगळे सांगतात. पण ती कुठे थांबणार हे ठरलेलं नसेल तर ती गाडी असून नसल्यासारखी.

साडेसहाला निघा. हत्तूर, वडकबाळचा सीनेवरचा पूल, मंद्रूप, टाकळी. मग भीमा ओलांडली की धुळखेड, म्हणजे कर्नाटक. पुढे झळकी, होर्ती आणि विजापूर. थंडीत वारा बहुतेक पूर्वेकडून, म्हणजे डाव्या अंगाला लागतो. उसाचा हंगाम असतो, तेव्हा ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीला खेटून पुढे जाऊ नका. मागची ट्रॉली कधी कुठे झुलेल याचा नेम नसतो.

आता गाडी. "गाडी मागेच ठेवा, संरक्षण मिळतं," हा सल्ला मला डझनभर जणांनी दिलाय आणि तो चुकीचा आहे. हमरस्त्यावर ताशी 18 च्या वेगाने रांगणारी गाडी म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकसाठी अडथळा. ट्रकवाला तिला चुकवायला ऐन वेळी ट्रक बाहेर काढतो, आणि तिच्या पुढे सायकल आहे हे त्याला दिसलेलंच नसतं. चालवणाऱ्याचा पाय क्लचवर आखडतो तो वेगळाच.

गाडी पुढे जाऊन थांबली पाहिजे. दर 15 किलोमीटरला एक थांबा, रस्त्याच्या डाव्या बाजूला, डांबर सोडून पूर्ण खाली. आपण पोचेपर्यंत गाडीने जागा सोडायची नाही. आपण पाणी घेऊन निघालो की त्यांनी निवांत आवरून निघावं आणि आपल्याला मागे टाकून पुढचा थांबा गाठावा. घरातून निघताना गाडीचा ट्रिप मीटर आणि सायकलचा मीटर दोन्ही शून्यावर आणा. थांबा गावाच्या नावावर ठरवू नका, आकड्यावर ठरवा. "मंद्रूपला भेटू" म्हणजे फाट्यावर, स्टँडवर की गाव संपल्यावर?

सगळ्यात फसवी जागा म्हणजे उड्डाणपूल. चौपदरी रस्ता गावापाशी वर जातो आणि सर्व्हिस रोड खालून. एका एप्रिलमध्ये मी चहासाठी खालून गेले आणि नवरा पूल चढून पलीकडे जायच्या ऐवजी पुलाच्या अलीकडेच थांबला. मी अजून मागेच आहे असं त्याला वाटलं, तो पुढे गेलाय असं मला. मी पुढे पुढे जात राहिले. फोन चार्जिंगला गाडीत दिलेला, पैसेही गाडीतच. सव्वा तासाने बाटलीतलं शेवटचं पाणी संपलं. एका टपरीवाल्या दादांनी स्वतःचा फोन पुढे केला, पण नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता. त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि सावलीला बसवलं. गाडी आली तेव्हा मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर पाण्याची कळशी धरून बसल्या होत्या, दोन्ही हातांनी, झाकणावर तळवा दाबून. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आधी त्यांनी माझे पाय धुतले.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे. पूल आला की गाडी त्याच्या पलीकडे, सर्व्हिस रोड हमरस्त्याला परत मिळतो तिथून 200 मीटर पुढे थांबते. वरून या नाहीतर खालून या, तिथे चुकामूक होऊच शकत नाही. फोन, 200 रुपये, एक ट्यूब आणि पंप सायकलवरच. गाडी दहा पावलांवर असली तरी. गाडीतल्या दोघांचे नंबर कागदावर लिहून, वर चिकटपट्टी मारून सायकलच्या दांड्यावर. ठरल्या वेळेपेक्षा 20 मिनिटं उशीर झाला तर गाडीतून फोन, फोन लागला नाही तर गाडी मागे फिरते. पण दुभाजकाच्या पुढच्या फटीतून वळून, उलट्या दिशेने कधीच नाही. आणि सायकलवाल्याने ठरलेला रस्ता सोडायचा नाही, कुणी कितीही जवळची वाट दाखवली तरी.

खाणं सोपं आहे. केळी, शेंगापोळी, दहीभात. कडक भाकरी मुक्कामाला ठेवा, वाटेत घशाखाली उतरत नाही. नुसतं पाणी पीत राहू नका. घामातून मीठ जातं, ते भरून निघत नाही आणि डोकं जड होतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा, मोठा नाही. एक बाटली याची, एक साध्या पाण्याची.

पंक्चर झालं तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. वेड्या बाभळीचा काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही जाते.

गाडीतल्यांना दिवसभर रस्त्याच्या कडेला बसवू नका. एक मोठा थांबा त्यांच्यासाठी ठेवा. मंद्रूपपाशी आमची भेट झाली की सासूबाई आणि लेक हत्तरसंग कुडलला जाऊन येतात. तिथे सीना-भीमेचा संगम आहे आणि शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख. त्या दिवशी मंद्रूपनंतरचा एक थांबा गळतो, म्हणून मी पाण्याची तिसरी बाटली पाठीवर घेते. हे आदल्या रात्रीच ठरलेलं असतं.

विजापूरला शिरण्याआधी गोलघुमट दिसायला लागतो. सायकलवरून उतरून लगेच त्याचे जिने चढायला जाऊ नका, मांड्यांना पेटके येतात. घरच्यांना वरच्या सज्जात जाऊ द्या, तुम्ही खाली हिरवळीवर पाय लांब करून पडा. रात्री जेवण झालं की उद्याच्या थांब्यांचे आकडे कागदावर लिहा आणि तो कागद गाडी चालवणाऱ्याकडे नाही, शेजारी बसणाऱ्याकडे द्या. आमच्याकडे तो सासूबाईंच्या बटव्यात असतो.