अवॉर्ड कोणाला मिळायला हवं होतं, हे स्वतःचं स्वतः कसं ठरवायचं

ऑस्कर किंवा नॅशनल अवॉर्ड जाहीर झाले की आपल्याकडे साधारण दोनच मतं ऐकू येतात, एक म्हणजे "काय कडक अ‍ॅक्टिंग केलीय" आणि दुसरं "सगळं सेटिंग असतं हो". आणि बऱ्याचदा दोन्ही बोलणाऱ्यांनी पिक्चर बघितलेलाच नसतो, दोन मिनिटांची क्लिप बघितलेली असते. मला अभिनय बघायला मनापासून आवडतो, नटाने जीव ओतून केलेलं काम असं एका वाक्यात निकालात काढलं की खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितेय. तुमचं मत माझ्याशी जुळलं पाहिजे असं अजिबात नाही, फक्त ते तुमचं असावं आणि कोणी विचारलं तर कुठल्या सीनवरून बनलं ते सांगता यावं.

आधी अवॉर्ड ठरतं कसं ते थोडक्यात, कारण आपण काय बघायचं ते त्यावर अवलंबून आहे. ऑस्करला अभिनयाचे ४ विभाग आणि प्रत्येकात ५ नामांकनं. नामांकन देतात ते ऑस्कर देणाऱ्या अ‍ॅकॅडमीतले नटनट्याच, पण विजेता ठरवताना सगळे सदस्य मत देतात, एडिटर, साउंडवाले, मेकअपवाले सगळे. म्हणून मला विजेत्याच्या नावापेक्षा ती पाच जणांची यादी जास्त मोलाची वाटते, कारण ती त्याच कामातल्या लोकांनी केलेली असते. आणि त्या विभागातले सगळे पिक्चर बघितल्याशिवाय शेवटचं मत देता येणार नाही हा नियम अ‍ॅकॅडमीने जाहीर केला तो थेट एप्रिल २०२५ मध्ये! इतकी साधी गोष्ट इतक्या उशिरा यावी याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांचं वेगळं आहे. तिथे नामांकनं जाहीरच होत नाहीत, आधी प्रादेशिक समित्या आणि मग केंद्रीय समिती पिक्चर बघते आणि एकदम निकाल येतो, त्यामुळे कोण कोणाच्या समोर होतं ते आपल्याला कळत नाही. तिथे यादी आपणच करायची. त्या वर्षी सेन्सॉर झालेल्या पिक्चरमधली तुम्हाला आवडलेली चार-पाच कामं वहीत लिहून ठेवा, निकाल आला की त्याच्या शेजारी ठेवून बघा.

तर पहिलं काम, यादीतले सगळे बघायचे आणि निकालाच्या आधी बघायचे. निकाल कळल्यावर बघितलं ना, की डोळे आपोआप विजेत्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बघायला लागतात. ऑस्कर साधारण मार्चमध्ये असतं आणि यादी जानेवारीत येते, तेवढा वेळ पुरतो. पाचही जमणार नसतील तर निदान ज्या दोघांची चर्चा आहे ते आणि ज्याची अजिबात चर्चा नाही असा एक, एवढं तरी बघाच. आणि कृपा करून डब केलेलं बघू नका. आवाज म्हणजे नटाचं निम्मं काम, तेच काढून टाकलं तर आपण नक्की कोणाला मार्क देतोय? सबटायटल लावा, हेडफोन लावा. सबटायटल वाचताना चेहरा सुटतो हे खरंय, त्यावर माझा उपाय असा की जो सीन महत्त्वाचा वाटला तो मागे घेऊन सबटायटल बंद करून परत बघायचा, अर्थ माहीत झालेला असतो त्यामुळे आता सगळं लक्ष माणसाकडे राहतं.

याचं उदाहरण म्हणून २०२५ चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा विभाग घ्या, शिकायला यापेक्षा चांगला विभाग मला अलीकडे दिसला नाही. 'अनोरा'ची मायकी मॅडिसन, 'द सबस्टन्स'ची डेमी मूर, 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'ची फर्नांडा टोरेस, 'विकेड'ची सिंथिया एरिव्हो आणि 'एमिलिया पेरेझ'ची कार्ला सोफिया गॅस्कॉन. जिंकली मॅडिसन, तेव्हा ती २५ वर्षांची होती. सगळी चर्चा मॅडिसन की मूर अशीच चालली होती आणि दोघींची कामं मोठी आहेत यात वादच नाही. डेमी मूरचा आरशासमोरचा सीन बघा, बाहेर जायला तयार झालीय, निघते, परत येते, मेकअप थोडा बदलते, परत निघते, परत येते, आणि शेवटी स्वतःचाच चेहरा हाताने असा घासून पुसते की बघवत नाही. एक वाक्य नाही त्यात.

पण माझं मत टोरेसला होतं आणि आजही आहे. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना १९७१ मध्ये एका माजी खासदाराला घरातून उचलून नेतात आणि तो परत येत नाही, त्याच्या बायकोची, युनिसची ही गोष्ट. त्यात एक सीन आहे, मासिकाचा फोटोग्राफर घरी येतो आणि त्याला या कुटुंबाचे उदास चेहरे हवे असतात, हसू नका म्हणतो, आणि ही मुलांना जवळ घेऊन म्हणते की हसा. आणि हसते. आता या हसण्यात काय काय आहे ते मोजून बघा, मुलांना धीर द्यायचाय, नवरा गेलाय हे मान्य करायचं नाहीये, ज्यांनी नेलं त्यांना आपण मोडलो असं दाखवायचं नाहीये, आणि आतून रडूही येतंय. हे सगळं एकाच हसण्यात आणि तेही जराही न दाखवता. अजून एक, पिक्चरच्या शेवटी म्हातारी युनिस म्हणून टोरेसची खरी आई फर्नांडा माँटेनेग्रो येते, एक शब्द बोलत नाही, टीव्हीवर नवऱ्याची बातमी लागते आणि नुसते डोळे बदलतात. या माँटेनेग्रोबाईंना १९९९ मध्ये याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सालेसच्याच पिक्चरसाठी नामांकन होतं आणि तेव्हा अवॉर्ड ग्विनेथ पॅल्ट्रोला गेलं. मायलेकी दोघी हरल्या, पण दोघींची कामं बघायची राहू देऊ नका.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड पण आहे, भूमिका वेगळी काढायची आणि अभिनय वेगळा काढायचा. भूमिका दुःखी असली की आपण रडतो आणि रडलो की वाटतं अभिनय भारी होता. तसं नसतं. गोष्टच रडवणारी असेल तर कोणीही रडवेल, प्रश्न हा की या नटाने त्यात स्वतःचं काय घातलं जे कागदावर नव्हतं.

'द फादर' बघा. २०२१ मध्ये अँथनी हॉपकिन्सना त्यासाठी अवॉर्ड मिळालं, ८३ व्या वर्षी, आणि खूप लोक नाराज झाले कारण सगळ्यांना वाटत होतं की चॅडविक बोसमनला मिळणार, तो ऑगस्ट २०२० मध्ये गेला होता आणि 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' हा त्याचा शेवटचा पिक्चर. समारंभात तो विभागसुद्धा सगळ्यात शेवटी ठेवला होता. माझं मत हॉपकिन्सच, आणि शेवटच्या रडण्याच्या सीनवरून नाही हं. सांभाळायला नवीन मुलगी येते तो सीन बघा. म्हातारा एकदम खुशीत येतो, मी टॅप डान्सर होतो म्हणून थापा मारतो, पावलं टाकून दाखवतो, मुलगी हसते, आपणही हसतो, आणि तसंच हसत हसत तो इतकं विखारी बोलायला लागतो की खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात. कुठल्या क्षणी तो बदलला हे मागे जाऊन शोधायचा प्रयत्न करा, सापडत नाही. विस्मरणाचा आजार असलेला माणूस दाखवायचा म्हणजे केविलवाणाच दाखवायचा हा सोपा रस्ता त्यांनी घेतलाच नाही. बोसमनचंही काम छोटं नाही, आईवर झालेला अत्याचार सांगतो तो सीन तर लोक सांगतातच, पण मला त्याचं ते बंद दाराशी झटत राहणं जास्त लागलं, दार उघडतं आणि पुढे नुसती भिंत. तो गेला हे माहीत नसतं तर आपण हे काम कसं बघितलं असतं, हा प्रश्न स्वतःला विचारायचा, कठोर वाटला तरी विचारायचा, आणि मला वाटतं त्याचा खरा मानही त्यातच आहे.

याच विषयावर आपल्याकडे 'अस्तु' आहे, सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. डॉ. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे पंडित आहेत, आठवण जात चाललेली, हत्तीच्या मागे मागे निघून जातात. त्या वर्षी, म्हणजे ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारात, सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार अमृता सुभाषला मिळाला, माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या कामासाठी, आणि तो अगदी योग्य होता. पण आगाशेंना नाही मिळाला, आणि ते मला आजही पटलेलं नाही. 'द फादर' आणि 'अस्तु' एका आठवड्यात लागोपाठ बघा. हॉपकिन्स भांडतात, जे जातंय ते घट्ट धरून ठेवायला बघतात, आगाशे सोडून देतात, लहान होत जातात. आजार एकच, दोन नटांनी दोन वेगळी माणसं उभी केली. भूमिका आणि अभिनय यातला फरक यातून जेवढा कळतो तेवढा दहा लेख वाचून कळणार नाही.

मग ऐकताना बघायचं. सीनमध्ये जो बोलतोय त्याच्याकडे सगळेच बघतात, तुम्ही जो गप्प आहे त्याच्याकडे बघा. 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून'मध्ये बाहेर वादळी पाऊस येतो, डिकॅप्रिओचं पात्र बडबड करतंय आणि लिली ग्लॅडस्टोन त्याला सांगते की वादळ आहे, जरा शांत बसूया. आणि बसते. तो चुळबुळतो, ती नाही. तिथे कळतं की ही बाई कोण आहे आणि हा माणूस कोण आहे. २०२४ मध्ये ग्लॅडस्टोन यादीत होती, पण अवॉर्ड 'पुअर थिंग्ज'साठी एमा स्टोनला मिळालं, तिचंही काम जबरदस्त आहे, चालण्यापासून बोलण्यापर्यंत एक अख्खं माणूस ती आपल्यासमोर वाढवत नेते, पण ते काम दिसतं, आणि दिसणाऱ्या कामाला मत लवकर मिळतं. न दिसणारं काम शोधायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागते.

मेकअप, वजन वाढवणं, वजन उतरवणं, याबद्दल फार नाही लिहीत. गॅरी ओल्डमनला चर्चिलसाठी अवॉर्ड मिळालं त्याच रात्री त्या मेकअपलाही वेगळं अवॉर्ड मिळालं, म्हणजे मेकअपचे मार्क तिकडे द्यायचे, नटाचे इकडे. डोळे, आवाज आणि श्वास एवढं मेकअपला करता येत नाही, तेवढंच बघा.

लीड की सपोर्टिंग या भानगडीतही जास्त अडकू नका, फक्त ती असते हे माहीत असू द्या. 'फेन्सेस' नाटकात व्हायोला डेव्हिसला २०१० मध्ये टोनी, म्हणजे अमेरिकेतलं नाटकांचं अवॉर्ड, मिळालं ते मुख्य भूमिकेचं, आणि तीच भूमिका सिनेमात केल्यावर २०१७ मध्ये ऑस्कर मिळालं ते सहाय्यक भूमिकेचं. कुठल्या विभागात पाठवलं तर जिंकायचे चान्स जास्त, हा हिशोब स्टुडिओ करतात. आपल्याला तो हिशोब करायची गरज नाही, तुमच्या यादीत तुम्हाला वाटेल तिथे ठेवा.

आणि हो, "इतकी वर्षं झाली, आता तरी मिळू दे" हा विचार मतात आणायचा नाही. अल पचिनोला सहा वेळा हुलकावणी मिळाली आणि मग १९९३ मध्ये 'सेंट ऑफ अ वुमन'साठी मिळालं, पण त्याच यादीत 'माल्कम एक्स'चा डेन्झेल वॉशिंग्टन होता आणि माझ्या मते ते वर्ष डेन्झेलचं होतं. एका मोठ्या नटाचं जुनं देणं फेडताना दुसऱ्याचं देणं डोक्यावर घेतलं, असं होतं मग. कारकिर्दीबद्दल प्रेम असेल तर त्याच्या जुन्या पिक्चरवर भरभरून बोला ना, कोण अडवतंय.

मत लिहिताना एक करा, "भारी", "कमाल", "अंगावर काटा" हे शब्द न वापरता तीन वाक्यं लिहा. एका सीनचं नाव, त्यात नटाने शरीराने किंवा आवाजाने नक्की काय केलं ते, आणि दुसऱ्या कुठल्या कामापेक्षा ते का उजवं वाटलं. याला मिळायला हवं होतं म्हणताना कोणाऐवजी तेही लिहायचं, कारण अवॉर्ड एकच असतं. सुरुवातीला त्रास होतो, हात आपोआप "कमाल" लिहायला जातो.

सरावासाठी ६० व्या राष्ट्रीय पुरस्कारातली जोडी घ्या. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी दोघांत वाटून दिला होता, 'अनुमती'साठी विक्रम गोखले आणि 'पान सिंग तोमर'साठी इरफान खान. इरफानचं शरीर बघा, साहेबाच्या घरी आइस्क्रीम वितळायच्या आत पोचवायला धावणारा जवान आणि नंतर चंबळच्या खोऱ्यात पत्रकारासमोर मुलाखतीला बसलेला बागी, माणूस एकच पण खांदे वेगळे, मान वेगळी. आणि गोखलेंचा आवाज बघा. बायको हॉस्पिटलमध्ये मरणाच्या दारात, पैसे संपलेले, मुलगा म्हणतोय आता सोडून द्या, आणि हा निवृत्त शिक्षक पैशासाठी दारोदार फिरतोय. गोखलेंचा तो मोठा भारदस्त आवाज आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, त्यांनी तो इथे किती खाली आणलाय आणि कुठे कुठे तो चिरतो ते ऐका. समितीने वाटून दिलं, तुम्ही वाटू नका. एकालाच द्या. मी गोखल्यांना देते, का ते वर सांगितलं, तुम्ही इरफानला देणार असाल तर सीन सांगा.