मे महिन्यातली पक्षीफेरी: निघण्यापूर्वीची तयारी

उन्हाळ्यात कसले पक्षी दिसणार, असं आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळात नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एप्रिल सरता सरता धोबी, भोरड्या, चक्रवाक ही हिवाळी पाहुणेमंडळी परतलेली असतात आणि सकाळची यादी आखडते, हे खरंच आहे. पण जे इथलेच आहेत त्यांचा संसार याच दिवसांत मांडला जातो. कोणी काड्या जमवतंय, कोणी अंडी उबवतंय, कोणी दिवसभर चोचीत किडे आणतंय. डिसेंबरात पक्षी दिसतो आणि उडून जातो. मेमध्ये तोच पक्षी अर्धा तास बघत बसता येतो. मला स्वतःला वर्षातला हाच हंगाम सर्वांत आवडतो, आणि त्याची सुरुवात करायला सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीइतकी चांगली जागा दुसरी नाही. यंदा पहिल्यांदा येणाऱ्यांनी काय काय करून निघावं, ते इथे सविस्तर लिहिते.

पहिली तयारी कानाची, आणि ती घरीच करायची. झाडी दाट असते, ऊन-सावलीत डोळे फसतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त पक्षी आधी ऐकूच येतात. आदल्या आठवड्यात रोज सकाळी दहा मिनिटं गच्चीत किंवा खिडकीशी बसा. कोकीळ आणि पावशा दोघंही आवाज चढवत नेतात, त्यातला फरक कानात पक्का करा. पावशाचं ‘पेरते व्हा’ एकदा ओळखू आलं की पुन्हा चुकत नाही. तांबटाची टुक-टुक तर शहरात कुठेही मिळते. तो ओरडताना मान इकडून तिकडे फिरवतो, त्यामुळे आवाज कुठून येतोय याचा अंदाज हमखास चुकतो. त्याला झाडावर शोधून काढणं हा उत्तम सराव आहे. आणि नवरंगाची दोन सुरांची शीळ एखाद्या चांगल्या ध्वनिमुद्रणातून ऐकून ठेवा. दक्षिणेत हिवाळा काढून हा पक्षी पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो. नऊ रंग अंगावर घेऊन तो पाचोळ्यात असा काही मिसळतो की समोर असूनही दिसत नाही, मात्र पहाटे आणि संध्याकाळी तो बोलल्याशिवाय राहत नाही.

वेळेच्या बाबतीत मंडळ कडक आहे, आणि असायलाच हवं. मेमध्ये पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, नऊ-साडेनऊनंतर पक्षी सावलीला जातात. म्हणजे हातात जेमतेम साडेतीन तास. पुण्याहून दरी तासाभराच्या अंतरावर, म्हणून साडेचारचा गजर लावावाच लागतो. रात्री लवकर झोपा, चहा पिऊन निघा, गाडी कोणाबरोबर हे आदल्या दिवशीच ठरवा. पेट्रोलही रात्रीच भरून ठेवा.

पाणी माणशी किमान दोन लिटर, आणि ते स्वतःच्या पाठीवर. एक बाटली साध्या पाण्याची, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. कोकम सरबत किंवा ताकही चालेल. ओआरएसची एक पुडी प्रत्येकाच्या खिशात हवीच. डोकं जड झालं, घाम यायचा थांबला, मळमळलं, तर लगेच सांगायचं. सगळ्यांची फेरी बिघडेल म्हणून गप्प बसायचं नाही. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी. चुरचुरणाऱ्या पाकिटातला खाऊ नको. दरीत शिरल्यावर स्वच्छतागृह नाही, त्याची सोय वाटेतच करून घ्या. हे विशेषतः बायकांसाठी लिहिते आहे, कारण त्यापायी कित्येक जणी पाणीच पीत नाहीत आणि मग उन्हाचा त्रास होतो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे, मातकट किंवा शेवाळी रंगाचे. पांढरा सदरा उन्हाला बरा वाटतो, पण झाडीत तो लांबून झळकतो. रुंद कडेची टोपी हवी. बूट घोट्यापर्यंतचे, कारण दगडगोट्यांत आणि वाळल्या गवतात फुरसं हा विषारी साप असतो आणि पाय कुठे पडतोय याकडे वर बघत चालणाऱ्यांचं लक्ष नसतं. बघताना उभं राहायचं, चालताना खाली बघायचं, इतकी साधी शिस्त पुरते. अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल अजिबात नको. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि उग्र वासाने माश्या बिथरतात. विडी-सिगारेट आणि काडेपेटी गाडीतही नको. मेमधलं गवत एका ठिणगीने पेटतं, आणि वणव्यात सर्वांत आधी जमिनीवर घरटं करणारे पक्षी जातात.

दुर्बीण नसेल तर विकत घ्यायची घाई करू नका. मंडळाकडे एक-दोन जादा असतात, शेजारचाही आनंदाने देतो. घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण नवख्या हातात थरथरते आणि तिच्यातून दिसणारा भागही लहान असतो. ती आदल्या दिवशी डोळ्यांना जुळवून घ्या: उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. एवढं केलं की पुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दुमडा. पट्टा आखूड करून दुर्बीण छातीवर ठेवा. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची; खाली बघून ती उचलली की पक्षी हरवलाच. सूर्याच्या दिशेला ती कधीही वळवू नका. मुलं बरोबर असतील तर हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. विणीच्या हंगामात आपण जातो आहोत, तेव्हा घरट्याजवळ कसं वागायचं हे ठरवूनच घराबाहेर पडा. धनेशाचं उदाहरण घ्या. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि मातीने तोंड लिंपून घेते आणि एक बारीक फट तेवढी ठेवते. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिलांचं पोट नरावर अवलंबून असतं. तो वड-उंबराची फळं घशात भरून आणतो आणि एकेक करून फटीतून देतो. आपण पंधरा माणसं त्या झाडाखाली उभी राहिलो तर तो लांबच्या फांदीवर येऊन बसतो आणि बसूनच राहतो. आत कोणी उपाशी आहे, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून ढोली सापडली की लांबून पाच मिनिटं बघायचं आणि निघायचं, फोटो मिळो न मिळो.

टिटवीची गोष्ट याहून नाजूक. तिची अंडी उघड्या माळावर, खड्यांच्या रंगाची. भर उन्हात ती त्यांच्यावर सावली धरून उभी असते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली म्हणजे आपण तिच्या अंड्यांजवळ आलो आहोत. तेव्हा थांबायचं, पायाखाली बघायचं आणि आल्या वाटेने मागे फिरायचं. अंडी शोधायला जायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येतच बसवलं आहे, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

याच कारणासाठी मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावायचे नाहीत. हद्द सांभाळणाऱ्या नराला तो आवाज दुसऱ्या नराचा वाटतो, आणि घरटं सोडून तो भांडायला येतो. मंडळात यावर एकमत आहे. पाहुण्यांनीही ते पाळावं.

मेमध्ये दरीतला ओढा आटतो, मधूनमधून डबकी राहतात, आणि सगळी दरी तिथे पाण्याला येते. स्वर्गीय नर्तक बघायचा तर तिथेच. पांढराशुभ्र नर, काळं डोकं, शेपटीची दोन लांब पिसं. तो वरच्या फांदीवरून पाण्यात सूर मारतो, पुन्हा फांदीवर, पुन्हा सूर. तरुण नर आणि मादी विटकरी रंगाची असते, त्यामुळे दोन वेगळे पक्षी समजू नका. त्याच पाण्यावर टिकेलचा निळा माशीमार, नाचण, चष्मेवाला, केशरी डोक्याचा कस्तूर येतात. डबक्यापासून लांब, सावलीत, खाली बसायचं. सोबत एक पातळ चटई ठेवा, तासभर बसवतं. मोठ्या लेन्सवाले पाण्याच्या अगदी काठाशी ठाण मांडतात तेव्हा पक्षी तहानलेले परत जातात. आपल्यातलं कोणी तसं करत असेल तर हळू आवाजात, पण स्पष्ट सांगा. एका जागी बसण्याचं मोल सांगायला पक्षीतज्ज्ञ सलीम अलींपेक्षा मोठा दाखला नाही. १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या घरट्यांपुढे ते ठाण मांडून बसले, आणि एकेक नर अनेक घरटी आणि अनेक माद्यांचा संसार कसा करतो, ते त्यांनी तिथे उलगडलं.

वही खिशात मावणारी, पेन्सिल दोऱ्याला बांधलेली. नावापेक्षा पक्षी काय करत होता ते आधी लिहा. पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन अॅप वापरणार असाल तर त्यातला भारतातल्या पक्ष्यांचा संच घरच्या वायफायवर उतरवून घ्या, दरीत रेंज भरवशाची नाही. अॅपने सांगितलं म्हणून नोंद करायची नाही. पक्षी दिसायला किंवा आवाज स्वतःला पटायला हवा. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, एकच जण सगळ्यांची यादी करतो आणि मग इतरांना पाठवतो. घरट्याची नेमकी जागा किंवा लोकेशनसकट फोटो कुठेही टाकू नका. मेमधल्या दुसऱ्या शनिवारी ग्लोबल बिग डे, म्हणजे जागतिक पक्षीनोंदीचा दिवस असतो, जगभरातून ईबर्डवर नोंदी जातात. त्या दिवशी दरीत जमलं नाही तर आपल्या सोसायटीतल्या आंब्याखाली पंधरा मिनिटं उभं राहून केलेली यादीही तितकीच मोलाची.

शेवटची वस्तू एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, दुर्बीण आणि फोन झाकायला. संध्याकाळच्या फेरीला वळीव गाठू शकतो. ढग गडगडले की माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडीकडे वळायचं. पण पाऊस थांबल्यावर लगेच निघू नका. ओल्या मातीतून वाळवीचे पंखवाले किडे वर येतात आणि कोतवाल, बुलबुल, साळुंख्या, घारीसुद्धा त्यांच्यावर तुटून पडतात.