यिर्मया खरंच होऊन गेला का? इब्री संदेष्ट्यांच्या चरित्राचे पुरावे कसे तोलावेत

जुन्या करारातल्या संदेष्ट्यांबद्दल काही वाचायला घेतलं की दोन टोकांचे लोक भेटतात. एक म्हणतो, 'उत्खननाने सगळं खरं ठरलंय'. दुसरा म्हणतो, 'सगळं नंतर रचलंय', आणि हात झटकून मोकळा होतो. पुरावा नेमका कशाचा आहे, हे दोघंही विचारत नाहीत. तो प्रश्न कसा विचारायचा, ते खाली सांगितलं आहे. उदाहरणाला मुख्यतः यिर्मया घेतला आहे, कारण तपासायला त्याच्याइतकं साहित्य दुसऱ्या कुठल्याही संदेष्ट्याबद्दल हाती नाही.

१. आधी दावा फोडा

'यिर्मया ऐतिहासिक आहे का?' हा एक प्रश्न नाही, चारपाच आहेत. या नावाचा माणूस यरुशलेमेत होता का? त्याच्या नावाचं पुस्तक म्हणतं तसा तो इ.स.पू. ६२७ च्या सुमारापासून ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने शहर पाडेपर्यंत बोलत होता का? त्याला चिखलाच्या हौदात सोडलं होतं का? पुस्तकातली वचनं त्याचीच आहेत का? आणि देव त्याच्याशी बोलला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं साधन इतिहासाकडे नाही, तो बाजूला ठेवा. उरलेल्यांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि येतातच.

वहीत तीन रकाने आखा: दावा, त्याचा पुरावा आणि तो पुरावा घटनेनंतर किती वर्षांनी तयार झाला. तिसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. बरेचसे वाद तिथेच मिटतात.

२. पुस्तक कसं वाढत गेलं ते पाहा

यिर्मयाचा ३६वा अध्याय सावकाश वाचा. यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६०५ च्या सुमाराला, यिर्मया सांगतो आणि त्याचा लेखनिक बारूख गुंडाळीवर उतरून घेतो. पुढच्या वर्षी ती गुंडाळी शाफानाचा मुलगा गमऱ्या याच्या खोलीत लोकांना वाचून दाखवली जाते. मग ती राजापर्यंत पोचते. हिवाळा असतो, राजासमोर शेगडी पेटलेली असते. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. गुंडाळी संपेपर्यंत असंच चालतं. नंतर बारूख सगळं पुन्हा लिहितो, आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य सांगतं की त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर घातली गेली.

म्हणजे मजकुरात भर पडत गेली, हे पुस्तक स्वतःच कबूल करतं. बाहेरचा पुरावाही त्याला जुळतो. यिर्मयाच्या पुस्तकाचं प्राचीन ग्रीक भाषांतर इब्री प्रतीपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि त्यातला क्रमही वेगळा आहे. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत इब्री हस्तलिखितांचे जे तुकडे मिळाले, त्यांतले काही या आखूड पाठाशी जुळतात. तेव्हा 'यिर्मया म्हणाला' असं लिहिण्याआधी ते वचन दोन्ही पाठांत आहे का, एवढं तरी बघावं.

यशयाचं प्रकरण याहून मोठं आहे. पहिल्या ३९ अध्यायांत अश्शूरचा दरारा आहे, तर ४४ आणि ४५ मध्ये पारसी राजा कोरेश नावानिशी येतो. कोरेशाने बाबेल घेतलं ते इ.स.पू. ५३९ मध्ये, म्हणजे यशयानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. म्हणून ४०व्या अध्यायापासून पुढचा भाग नंतरच्या हातांचा आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. १९४७ मध्ये सापडलेली यशयाची सुप्रसिद्ध गुंडाळी हा वाद सोडवत नाही. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली आहे आणि तोपर्यंत सगळं पुस्तक एकत्र झालेलंच होतं.

३. वस्तू कुठे सापडली, हे पहिल्यांदा विचारा

पूर्वी पत्र किंवा दस्तऐवज बांधून दोरीवर ओल्या मातीची गोळी लावत आणि तिच्यावर मुद्रा दाबत. इ.स.पू. ५८६ च्या आगीत कागदपत्रं जळाली, पण गोळ्या भाजून पक्क्या झाल्या. यरुशलेमेत दाविदाच्या नगराच्या उत्खननात १९८२ मध्ये अशा पन्नासएक गोळ्या एकाच ठिकाणी मिळाल्या. त्यांतल्या एकीवर 'शाफानाचा मुलगा गमऱ्या' असं आहे. हो, तोच खोलीवाला असण्याची दाट शक्यता आहे. यिर्मयाला मारा म्हणून राजाकडे जाणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं ३८व्या अध्यायात आहेत. त्यांतल्या शलेम्याचा मुलगा युकाल आणि पशहूराचा मुलगा गदल्या या दोघांच्या मुद्रांचे ठसे एलात मझार यांच्या उत्खननात २००५ आणि २००८ मध्ये निघाले.

आता दुसरी बाजू. 'नेरीयाचा मुलगा बारूख, लेखनिक' असा ठसा असलेली मातीची गोळी १९७० च्या दशकात पुराणवस्तूंच्या बाजारात आली. खुद्द यिर्मयाच्या लेखनिकाची मुद्रा म्हणून तिचं केवढं कौतुक झालं! कित्येक पुस्तकांत तिचा फोटो आहे. २०१४ मध्ये युवाल गोरेन आणि एरान आरी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ती बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. ती कुठल्या थरातून निघाली हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खरं तर शंका यायला एवढं पुरेसं होतं. माझा नियम कडक आहे: बाजारातून आलेली वस्तू कितीही सोयीची असली तरी तिच्यावर काही उभारायचं नाही.

उत्खननात मिळालेली वस्तूही वाकवली जाऊ शकते. २०१८ मध्ये मझार यांनी जेमतेम सेंटिमीटरभराची एक गोळी प्रसिद्ध केली. तिच्यावर यशयाचं नाव आहे आणि खाली न, ब, य ही तीन अक्षरं. पुढे अलेफ हे इब्री अक्षर असतं तर तो शब्द 'संदेष्टा' झाला असता, पण नेमकी तिथेच गोळी फुटली आहे. यशयाच्या काळच्या हिज्कीया राजाच्या मुद्रेचा ठसा तिच्यापासून तीनेक मीटरवर मिळाला, म्हणून मोह वाढतो. पण ती अक्षरं आडनावासारखी किंवा गावाच्या नावासारखीही असू शकतात, आणि यशया हे नाव त्या काळी दुर्मीळ नव्हतं. वहीत 'शक्य' लिहा, त्याच्या वर चढू नका.

४. पार्श्वभूमी खरी आहे म्हणून प्रसंगही खरा, असं धरू नका

यहूदातल्या लाखीश नगराच्या वेशीतल्या खोलीत १९३५ मध्ये शाईने लिहिलेली खापरं सापडली. ती बाबेलच्या स्वारीच्या सुमाराची लष्करी पत्रं आहेत. एकात लिहिणारा म्हणतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांवर नजर ठेवून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाचा ३४वा अध्याय सांगतो की तटबंदीच्या नगरांपैकी आता लाखीश आणि अजेका हीच उरली आहेत. अंगावर काटा येतो. दुसऱ्या एका पत्रात तर 'सावध राहा' असा निरोप देणारा 'संदेष्टा' आहे. मात्र त्याचं नाव दिलेलं नाही, म्हणून तो यिर्मया आहे असं म्हणता येत नाही.

ब्रिटिश म्युझियममधल्या इ.स.पू. ५९५ च्या एका मातीच्या पाटीवर सुमारे पाऊण किलो सोनं बाबेलच्या देवळात पोचवणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद आहे. २००७ मध्ये मिखाएल युर्सा यांच्या लक्षात आलं की ३९व्या अध्यायात यरुशलेमेच्या वेशीत बसलेल्या सरदारांत हाच अधिकारी आहे. असं किरकोळ, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं नाव अडीच-तीन शतकांनी लिहिणाऱ्याला कुठून सुचणार? लेखकाच्या हाताशी त्या काळची माहिती होती, एवढं यावरून नक्की म्हणता येतं. यिर्मया हौदात पडला होता की नाही, यावर ही पाटी गप्प आहे.

हीच कसोटी उलटीही लावा. दानीएलाच्या पुस्तकात बेलशस्सर हा बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचा मुलगा आहे. बाबेलच्या लेखांत तो नबोनिदसचा मुलगा आहे. योनाच्या पुस्तकात निनवेच्या राजाला नावच नाही. अमित्तयाचा मुलगा योना जुन्या करारातल्याच '२ राजे' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात एका ओळीत येतो, त्यामुळे तो माणूस असावा. माशाच्या गोष्टीचं वजन मात्र त्या ओळीवर टाकता येणार नाही.

५. फसलेली भाकितं शोधा

ही पायरी मला सगळ्यांत आवडते. यहोयाकीमाला गाढवासारखं ओढून वेशीबाहेर फेकून देतील, असं यिर्मया २२ मध्ये सांगतो. २ राजे २४ मात्र म्हणतं की तो आपल्या पूर्वजांजवळ जाऊन निजला. यहेज्केल २६ मध्ये नबुखद्नेस्सर सोर नगर धुळीला मिळवणार असतो, आणि २९व्या अध्यायात यहेज्केलच लिहितो की सोरेपासून त्याला नि त्याच्या सैन्याला काही मजुरी मिळाली नाही, म्हणून आता मिसर देश त्याला मिळेल. मागाहून रचणाऱ्याने असं अडचणीचं भाकीत कशाला घातलं असतं? तेव्हा हे शब्द घटनेआधीचे आहेत, आणि जपणाऱ्यांनी ते न बदलता ठेवले, असं समजायला चांगला आधार मिळतो. मीखा ३:१२ चंही असंच आहे. हिज्कीयाच्या काळी यरुशलेम ढिगारा होईल असं तो म्हणाला आणि तसं तेव्हा झालं नाही. शंभरएक वर्षांनी यिर्मयाला वाचवताना वडीलधारी माणसं तेच वाक्य मीखाच्या नावानिशी म्हणून दाखवतात.

६. मौन आणि विरोध

शहराच्या पाडावाची हकिगत सांगणारं २ राजे यिर्मयाचं नावही घेत नाही. त्यावरून तो नव्हताच असं ठरत नाही, पण पुस्तकात दिसतो तेवढा तो दरबारात मोठा होता का, ही शंका वहीत जायलाच हवी.

दोन लेख एकमेकांच्या विरुद्ध बोलले तर घाईने बाजू घेऊ नका. अलीशा या संदेष्ट्याच्या गोष्टीत हजाएल धन्याला मारून अरामाचं सिंहासन बळकावतो. अश्शूरच्या शिलालेखात तो 'कुणाचाच नसलेला मुलगा' आहे, म्हणजे इथे मेळ बसतो. पण १९९३ मध्ये तेल दान इथे सापडलेल्या अरामी शिलालेखात, बहुतेकांच्या वाचनानुसार, इस्राएल आणि यहूदा या दोन्ही राजांना आपणच मारलं असं अरामी राजा सांगतो. २ राजे ९ त्याचं श्रेय इस्राएलचा सेनापती येहू याला देतं. स्वतःची फुशारकी मारणारा राजाही साक्षीदारच असतो, आणि त्याचाही हेतू तपासावा लागतो.

७. उशिराच्या परंपरा वेगळ्या रकान्यात

यशयाला करवतीने चिरून मारलं, ही कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेली मिळते. यशयाच्या पुस्तकात तिचा मागमूस नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात एलियाहू हन्नवीचं, म्हणजे एलीयाचं, मोठं स्थान आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण खडकावर दाखवतात आणि त्याच्या नावाने मलिदा करतात. इ.स.पू. नवव्या शतकातल्या माणसाबद्दल ही खूण काही सांगत नाही. एका समाजाने इतक्या दूर येऊन त्याला कसं जवळ ठेवलं, यासाठी मात्र ती अस्सल पुरावा आहे. दोन्ही इतिहासच आहेत, फक्त वेगवेगळ्या काळांचे.

८. निकाल वाक्यात लिहा, शिक्का मारू नका

'खरा' किंवा 'खोटा' लिहू नका. यिर्मयाबद्दल मी असं लिहीन: माणूस होता, हे जवळपास नक्की. त्याचे विरोधक आणि आश्रयदाते खरे, यांतल्या काहींच्या मुद्राच हाती आहेत. गुंडाळी जाळल्याचा प्रसंग संभवनीय, पण सांगणारा त्याच्याच बाजूचा. हौदाचा प्रसंग संभवनीय, बाहेरचा आधार नाही. सगळी वचनं त्याचीच, हे मान्य होण्यासारखं नाही. आता हेच एलीयासाठी करून बघा. त्याचा शत्रू अहाब अश्शूरच्या इ.स.पू. ८५३ च्या लढाईच्या नोंदीत दोन हजार रथांसह हजर आहे. एलीयापुढचा रकाना मात्र रिकामाच राहतो.