कायोटी गल्चमध्ये वाइड अँगल: आकाश वगळा, ओढ्यात उतरा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींची युटाची सहल बहुधा झायन आणि ब्राइस पाहून परत फिरते. ब्राइसहून हायवे १२ ने साधारण तासाभरावर एस्कलांटे गाव आहे. गावाच्या पुढे ८ किमीवर ‘होल-इन-द-रॉक’ नावाचा कच्चा रस्ता फुटतो. त्यावर साधारण ५५ किमी आत गेलं की हरिकेन वॉशची पायवाट सुरू होते आणि ११ किमी चालल्यावर कायोटी गल्च या लाल खडकातल्या घळीतली जेकब हॅम्ब्लिन ही नैसर्गिक दगडी कमान दिसते. बाजूची भिंत इतकी पुढे झुकलेली आहे की ओढा जणू छताखालून वाहतो. इथे लेन्स १६ मिमी किंवा त्याहून रुंद, म्हणजे कमी आकड्याची, हवी (क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १० मिमी). २४ मिमीत कमान आणि छत एकत्र मावत नाहीत.

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये जा. ऑक्टोबरच्या अखेरीस ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळी होतात. जुलै ते सप्टेंबर टाळाच. डोक्यावर ऊन असतानाही दूर कुठे पडलेल्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो, आणि भिजलेल्या रस्त्याच्या चिखलात फोर-व्हील गाडीसुद्धा घसरते. भाड्याची गाडी असेल तर कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, हे करारात वाचा. टाकी एस्कलांटेतच भरा, नकाशे ऑफलाइन ठेवा, माणशी दिवसाला ४ लिटर पाणी धरा. मुक्कामाला परवाना लागतो, तो मोफत आहे. शौचाची पिशवी सोबत नेऊन भरलेली परत आणावी लागते. ड्रोनला बंदी आहे.

आता उजेड. पहाटे आणि संध्याकाळी फोटो काढायची सवय इथे उपयोगाची नाही, कारण त्या वेळी तळाशी नुसती निळसर सावली असते. कामाची वेळ सकाळी १० ते दुपारी २. सूर्य वर आला की ऊन एका भिंतीच्या वरच्या भागावर पडतं, लाल वालुकाश्मावरून उसळून समोरच्या सावलीतल्या भिंतीवर येतं आणि ती भिंत आतून पेटल्यासारखी केशरी दिसते. फोटो त्या सावलीतल्या भिंतीचा काढायचा. उन्हाचा थेट पट्टा आणि आकाश दोन्ही चौकटीबाहेर ठेवा. त्यांच्या आणि तळाच्या उजेडात फरक इतका असतो की एका एक्सपोजरमध्ये दोन्ही सांभाळता येत नाहीत: आकाश पांढरं फटक तरी पडतं, नाहीतर भिंत काळी. आकाशाची फट टाळताच येत नसेल तर २ स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) ३ फ्रेम घ्या आणि घरी जोडा. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा ते केशरी ‘दुरुस्त’ करून मातकट करतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि ५२०० केल्विनवर कायम ठेवा, म्हणजे पडद्यावर दिसेल त्यावर भरवसा ठेवता येतो.

वाइड अँगल म्हणजे ‘सगळं मावतं’ हा समज इथे सर्वांत महागात पडतो. १६ मिमीत लांबची प्रत्येक गोष्ट आक्रसते आणि एवढी अवाढव्य कमान फोटोत भोकाएवढी उरते. म्हणून आधी पुढचा भाग शोधायचा: ओढ्यातला ओला दगड, वाळूवरच्या लाटा, भिंतीच्या पायथ्याची वळणदार रेघ. त्याच्यापासून ६०-८० सेंमीवर कॅमेरा लावा, उंची गुडघ्याच्या आसपास. फार खाली गेलात तर दगड मोठा होतो, पण ओढ्याचं वळण त्याच्यामागे लपतं. वळण मोकळं दिसेपर्यंत कॅमेरा थोडा थोडा वर घ्या. दोन-चार इंचांनीही चित्र बदलतं.

फोकस हाताने. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) १६ मिमी, एफ/११ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका मोठा तितकं छिद्र लहान) दीड मीटरवर फोकस केला की सुमारे ८० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं धारदार येतं. दगड त्याहून जवळ असेल तर दोन फ्रेम घ्या, एक दगडावर आणि एक भिंतीवर. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडतं.

कॅमेरा वर झुकवला की उभ्या भिंती आत कलतात. घळीच्या वाकड्यातिकड्या दगडात ते खपून जातं, पण कॉटनवुडचे बुंधे पडायला आल्यासारखे दिसतात. झाडं चौकटीत असतील तर कॅमेरा समतल ठेवा आणि जादा तळ नंतर कापा. प्रमाणासाठी माणूस हवा असेल तर त्याला मध्याजवळ उभं करा, कडेला तो ताणला जातो.

पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) अर्धाच फिरवा. पूर्ण फिरवला तर पाण्यावरची चमक जाते आणि तिच्याबरोबर भिंतीचं केशरी प्रतिबिंबही, म्हणजे ज्यासाठी आलो तेच!

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला शटर १ ते ४ सेकंद उघडा राहतो, त्यामुळे ट्रायपॉड लागतोच. ओढ्याची वाळू पायांखाली सरकते आणि फोटो हलका पुसट येतो, जो छोट्या पडद्यावर कळतही नाही. पाय जोर देऊन खाली रोवा, अर्धा मिनिट थांबा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि पहिली फ्रेम मोठी करून कोपरे तपासा. पानं हलत असतील तर आयएसओ ४०० ते ८००.

सरावाला सांधण दरी चांगली, पण तिथला काळा बेसॉल्ट उजेड गिळतो. कॅमेरा समतल ठेवणं आणि पुढचा भाग शोधणं तिथे शिकता येतं, हा परावर्तित रंग नाही.

उरली वाळू. घळीत लेन्स बदलू नका, एकच झूम लावून उतरा. काचेवर कण दिसले तर आधी ब्लोअरने (हवेच्या छोट्या पंपाने) उडवा, मग कापड. उलट केलं तर ओरखडे पक्के. ट्रायपॉडचे सर्वांत खालचे भाग आधी उघडा, म्हणजे त्यांची कुलपं पाण्याच्या वर राहतात. मुक्कामी परतल्यावर पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि रात्रभर वाळल्याशिवाय मिटू नका.