वीजमीटर वाचणारी जुनी प्रणाली बदलताना

कारखान्यातील वीजमीटर वर्षानुवर्षे आपोआप वाचणारी प्रणाली बदलण्याची वेळ बहुधा जुना संगणक बिघडल्यावर किंवा ती पुरवणाऱ्याने देखभाल थांबवल्यावर येते. अशा घाईत सर्वांत आधी पडद्यावरचे आलेख आणि अहवाल करायला घेतले जातात. ते काम शेवटी करावे. नवी प्रणाली विश्वासार्ह ठरते ती मीटरमधला आकडा जसाच्या तसा, योग्य वेळेसह आणि योग्य गुणकासह साठवल्यामुळे.

प्रथम प्रत्येक मीटरची बनावट, अनुक्रमांक, जोडणीचा मार्ग आणि बसवलेल्या सीटी-पीटीचे (मोठा प्रवाह आणि उच्च दाब मीटरला झेपेल इतका कमी करणाऱ्या रोहित्रांचे) गुणोत्तर यांची नोंद जागेवर जाऊन करावी. पासवर्ड आणि सुरक्षा-किल्ल्या पुष्कळदा जुन्या प्रणालीच्या फाइलींतच असतात, म्हणून तो संगणक हलवण्याआधी त्याची संपूर्ण प्रत काढून ठेवावी. वितरण कंपनीच्या मालकीच्या मीटरला मात्र लेखी परवानगीशिवाय हात लावू नये.

भारतातील बहुतेक नवे मीटर डीएलएमएस ही भाषा बोलतात आणि तिचे आपल्याकडचे नियम आयएस १५९५९ या मानकात आहेत. त्यात मीटरशी बोलणाऱ्याचा अधिकार क्लायंट क्रमांकावरून ठरतो: १६ सार्वजनिक, ३२ वाचनासाठी आणि ४८ मांडणी बदलण्यासाठी आहे. वाचनाच्या प्रणालीला ३२ पुरतो. ४८ चा पासवर्ड तिच्यात ठेवूच नये. ही भाषा मुळापासून लिहिण्याचीही गरज नाही, कारण गुरक्स या कंपनीची मुक्तस्रोत लायब्ररी (तयार प्रोग्रॅमसंच) उपलब्ध आहे. परवान्याच्या अटी तेवढ्या आधी वाचाव्यात.

मीटरमधील प्रत्येक राशीला ओळखीचा एक ठरलेला क्रमांक असतो, त्याला ओबिस क्रमांक म्हणतात. एकूण किलोवॅट-तासांचा क्रमांक १.०.१.८.०.२५५ आहे, तर केव्हीए-तासांचा १.०.९.८.०.२५५. रजिस्टरमधून मिळणारी संख्या अपुरी असते. तिच्यासोबत दहाचा घातांक आणि एकक वाचावेच लागते. समजा संख्या ४५८३२१७, घातांक १ आणि एकक वॅट-तास असे आले, तर वाचन ४५८३२.१७ किलोवॅट-तास होते. घातांक गृहीत धरून प्रोग्रॅममध्ये पक्का लिहिला की दुसऱ्या बनावटीचा मीटर जोडताच आकडे दसपट किंवा शतांश होतात. हिशेबासाठी दशांश प्रकार वापरावा, फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) नव्हे.

उच्चदाब मीटरमध्ये गुणकाचा प्रश्न वेगळाच येतो. सीटी १००/५ आणि पीटी ११०००/११० असेल, तर गुणक २० गुणिले १००, म्हणजे २००० होतो. काही मीटर हा गुणाकार स्वतःच करतात, काहींचे वाचन दुय्यम, म्हणजे कमी केलेल्या बाजूचेच असते, आणि जुनी प्रणाली कुठेही न दाखवता तो करत असण्याची शक्यता असते. म्हणून मूळ आकडा आणि गुणक वेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि गुणक कोणत्या तारखेपासून लागू आहे तेही लिहावे, कारण सीटी बदलल्यावर जुन्या महिन्यांचे हिशेब बिघडता कामा नयेत.

वेळेच्या बाबतीत माझा स्वतःचा एक आठवडा वाया गेला आहे. लोड प्रोफाइलमध्ये, म्हणजे मीटरने दर पंधरा मिनिटांनी केलेल्या वापराच्या नोंदींत, दिवसाचे ९६ खंड असतात आणि मीटरने लिहिलेली वेळ बहुधा खंड संपल्याची असते. जुना अहवाल मात्र खंड सुरू झाल्याची वेळ छापत होता. एकूण युनिट तंतोतंत जुळत होते, पण महागड्या तासांतील वापर एका खंडाने सरकलेला दिसत होता. दिवसाचा शेवटचा खंड ००:०० या वेळेने, म्हणजे पुढच्या तारखेखाली येतो, हेही ध्यानात ठेवावे. वीज नसल्यामुळे एखादा खंड नसेल तर ती जागा रिकामी ठेवावी. तिथे शून्य भरणे म्हणजे न घेतलेले वाचन घेतले असे सांगणे आहे.

मीटरकडून आलेला प्रत्येक संदेश अर्थ लावण्याआधी मूळ बाइट्सच्या रूपात साठवावा. प्रोफाइलमध्ये ठरावीक दिवसांच्याच नोंदी राहतात, जुन्या पुसल्या जातात. मूळ बाइट्स हाती असतील तर आपली चूक सुधारून हिशेब पुन्हा करता येतो.

दोन्ही प्रणाली किमान एक पूर्ण बिल-महिना समांतर चालवाव्यात. मीटर सहसा एका वेळी एकाच जोडणीला उत्तर देतो, त्यामुळे वाचनाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. कूटबद्ध जोडणीत मीटर मागील संदेशाचा गणकांक (दर संदेशाला वाढत जाणारा क्रमांक) लक्षात ठेवतो आणि त्याहून मोठा नसलेला गणकांक नाकारतो. नवी प्रणाली शून्यापासून सुरू केली तर नकार येतो आणि किल्ली चुकली असे वाटत राहते. यासाठी दर वेळी आधी क्लायंट १६ वरून गणकांक वाचून घ्यावा.

तुलना चालू वाचनांची करू नये. ती वेगवेगळ्या क्षणी घेतलेली असल्याने थोडी वेगळी असणारच. महिन्याच्या १ तारखेला ००:०० वाजता मीटरने स्वतः गोठवलेले बिलवाचन घ्यावे. तिथे दोन्ही प्रणाली एकच आकडा वाचत असतात, त्यामुळे फरक शेवटच्या अंकापर्यंत शून्य हवा. एका मीटरचाही फरक उरला असेल, तर त्याचे कारण सापडेपर्यंत जुनी प्रणाली चालूच ठेवावी.