फिजिक्सच्या जोडीला इलेक्टिव्ह कोणते घ्यावेत?

इलेक्टिव्हची, म्हणजे ऐच्छिक विषयांची, यादी हातात आली की प्रत्येक विषयापुढे एक प्रश्न लिहा: हे मला पुस्तक आणि इंटरनेटच्या जोरावर एकट्याने शिकता येईल का? येत असेल तर तो विषय सुट्टीत शिका, क्रेडिट त्याच्यावर घालवू नका. मी बरीच वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. मुलं नेमकं उलट करतात: पायथनची तोंडओळख करून देणारा कोर्स घेतात आणि इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सोडतात. पायथन घरी शिकता येतं. पण लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायरने नॉइजखाली गाडला गेलेला सिग्नल बाहेर कसा काढायचा, हे उपकरण समोर असल्याशिवाय कळत नाही.

'आम्ही तर थिअरीवाले,' असं म्हणणाऱ्यांना मी ऑपेरा प्रयोगाची आठवण करून देते. २०११ मध्ये तिथले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचं दिसलं आणि सापेक्षतावादाच्या दुरुस्तीचे लेख धडाधड लिहिले गेले. मुख्य दोष निघाला नीट न बसलेल्या एका फायबर-ऑप्टिक केबलचा.

प्रोग्रॅमिंग घ्यायचंच असेल तर न्युमरिकल मेथड्स, म्हणजे समीकरणं कॉम्प्युटरवर आकडेमोडीने सोडवण्याच्या पद्धती, घ्या. ग्रहाची कक्षा ऑयलरच्या साध्या पद्धतीने काढली तर ग्रह दर फेरीला थोडा थोडा बाहेर सरकतो, लीपफ्रॉग नावाच्या दुसऱ्या पद्धतीने काढली तर ऊर्जा मर्यादेत राहते. प्रोग्रॅम दोन्हीकडे बिनतक्रार चालतो. चूक कुठून आली आणि किती वेगाने वाढते, याचा हिशेब करायला लावणारा कोर्स शोधा.

स्टॅटिस्टिक्स जमल्यास स्टॅटिस्टिक्सच्याच विभागाकडून शिका. लॅबमध्ये आपण ग्राफवर रेषा बसवतो आणि एरर बार काढतो, पण त्यामागची गृहीतकं सहसा कोणी विचारत नाही. स्वतःची परीक्षा अशी घ्या: २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन या कणाचा शोध जाहीर झाला तो 'पाच सिग्मा'च्या निकषावर. म्हणजे हिग्ज नसताना, निव्वळ योगायोगाने, तेवढा ठळक संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. 'हिग्ज नसण्याची शक्यता ३५ लाखांत एक' हे विधान वेगळं आहे. हा फरक समजावून सांगता येत नसेल तर हा कोर्स तुमच्यासाठीच आहे.

गणितात लिनिअर अल्जेब्रा सगळ्यांत आधी, आणि क्वांटम मेकॅनिक्स सुरू होण्यापूर्वी. क्वांटम मेकॅनिक्सचा पाया घालणाऱ्या हायझेनबर्गच्या १९२५ च्या लेखात क्रम बदलला की उत्तर बदलणारा एक विचित्र गुणाकार होता. तो मॅट्रिक्सचा, म्हणजे लिनिअर अल्जेब्रातल्या आकड्यांच्या चौकटींचा, आहे हे भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नने ओळखलं, कारण विद्यार्थिदशेत तो ब्रेस्लाऊला गणितज्ञ रोझानेस यांच्याकडे ते शिकला होता. हायझेनबर्गला मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या. दुसरा कोर्स घेणार असाल तर सिद्धता लिहायला लावणारा घ्या. सूत्र वापरणं सरावाने येतं, पण आपल्या सिद्धतेतलं भगदाड आपल्याला स्वतःला दिसत नाही. ते दाखवायला तपासणारा माणूस लागतो. ग्रुप थिअरीची, म्हणजे सममितीच्या गणिताची, घाई नको.

लेखनाच्या कोर्सलाही हाच न्याय. नुसती व्याख्यानं असतील तर सोडा, मसुदे तपासून परत देत असतील तर जरूर घ्या. तत्त्वज्ञान, संगीत, एखादी नवी भाषा यांतलं काहीतरी मात्र मनाला येईल ते घ्या, त्याला कारण लागत नाही.

नावात 'क्वांटम', 'नॅनो' किंवा 'एआय' असलं की आधी सिलॅबस बघा. दर आठवड्याला नवा विषय आणि शेवटी एक प्रेझेंटेशन, एवढंच असेल तर हाती फारसं लागणार नाही. लॅबचे दोन कोर्स एकाच सत्रात घेऊ नका, दोन्हींचे रिपोर्ट एकाच आठवड्यात अंगावर येतात. आणि विषय बदलण्याची शेवटची तारीख बघून ठेवा. त्याआधी पहिली असाइनमेंट मिळणार नसेल तर शिक्षकांकडून मागच्या वर्षीची मागून घ्या आणि एक संध्याकाळ ती सोडवत बसा.