मार्केट यार्डात काम करताय? साथ आली तर एवढं बघा

सांगलीच्या यार्डात हळदीचे सौदे निघाले की ढिगाभोवती सगळे खेटून उभे, वर जोरजोरात बोलणं, आणि कोविडसारखा श्वासातून पसरणारा व्हायरस असेल तर धोका नेमका इथंच, कारण मोठ्यानं बोलताना तोंडातनं बारीक थेंब जास्त उडतात. म्हणून आधी आपलं काम नीट बघा: माणसं किती, किती जवळ, किती वेळ, हवा खेळती का कोंडलेली. गेटवर पावती फाडणाऱ्याला दिवसभर माणसं भेटतात पण उघड्यावर. आत केबिनमध्ये दार लावून हिशोब करणाऱ्या दिवाणजींना चारच भेटतात, तरी निवांत राहू नका, स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवत बसतो. खिडकी उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा.

हमाल दादांनो, धुरळ्यासाठी बांधता तो रुमाल इथं पुरत नाही. एन-९५ घ्या, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, कडेनं हवा सुटत नाही ना बघा, घामानं भिजला की बदला. व्हॉल्व्हवाला नको, त्यातनं आपला श्वास तसाच बाहेर जातो.

आणि डबा लांब लांब बसून बाहेर खा, दिवसभर मास्क लावून दुपारी गोल करून भाकरी खाल्ली तर काय उपयोग.

शेठ, तुम्हाला कळकळीची विनंती, ताप आलेल्या माणसाला घरी बसवा पण त्या दिवसाचे पैसे द्या, नाहीतर तो गोळी खाऊन पोती उचलायला येणारच. लक्षणं दिसायच्या २ दिवस आधीपासनंही कोविड पसरतो, त्यामुळं कुणी पॉझिटिव्ह निघाला की त्या दिवसांत त्याच्यासोबत काम केलेल्या सगळ्यांना लगेच फोन करा.